कोकडा शोधायला केनवडला

रोगट पान आणायला कुणी पुण्याहून केनवडला जातं का? निघण्याआधी हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला की शेवटी मी सगळ्यांना "देवदर्शनाला चाललेय" असं ठोकून द्यायला लागले. देवाचं नाव काढलं की पुढे कुणी खोलात जात नाही. शास्त्राचं नाव काढलं की मात्र शेजारच्या काकूसुद्धा मार्गदर्शन करायला बसतात.

खरं कारण इथे सांगते, कारण ते कळल्याशिवाय माझ्या वैतागाला काही अर्थ नाही. काकडीच्या वेलाला एक विषाणू लागतो. पानं हिरवी-पिवळी चट्ट्यापट्ट्यांची होतात, आकसतात, फळ वाकडं येतं. हा विषाणू म्हणजे आत एक सूत आणि वर प्रथिनांचं गोल कवच, बस्स. कवच एकाच जातीच्या लहान लहान तुकड्यांचं. प्रयोगशाळेत मिठाचं पाणी कडक केलं की हे तुकडे सुटे होतात आणि मीठ उतरवलं की आपले आपण पुन्हा जुळतात. ना गवंडी, ना मुकादम. पाण्यात धक्के खात फिरतात, कुठेतरी बरोबर कडा भेटते, आणि कवच तयार. हे कसं होत असेल याचा नमुना तयार करणं, हे माझं काम.

त्यासाठी मी हलक्या लाकडाचे डझनभर पंचकोनी ठोकळे करून घेतले होते. प्रत्येकाच्या कडांत बारीक लोहचुंबक. मोठ्या प्लॅस्टिकच्या बरणीत घालून ते हलवायचे आणि हात न लावता त्यांचा पोकळ चेंडू व्हायला हवा. व्हायला हवा! चुंबक जोरदार घेतले तर एकदा चुकीचा बसलेला जोड सुटायचं नाव घेत नसे, हलके घेतले तर बरोबर बसलेलाही टिकत नसे. बऱ्याच खटपटीनंतर नमुना अशा थराला आला होता की कधी चेंडू व्हायचा आणि कधी सगळा चिवडा. माझे मार्गदर्शक सर म्हणायचे, "आधी खरा विषाणू काय करतो ते मोजा, मग बरणीकडे बघू."

तर मोजायचा तो खरा विषाणू उन्हाळ्यात वीज गेली तेव्हा आमच्या फ्रिजमध्ये कुजून गेला, आणि काचघरातली रोपं कोळी किडीनं खाल्ली. माझी दोन वर्षांची मोजमापं ज्या विषाणूवर होती तो मुळात केनवडच्या एका भाजीपाल्याच्या वाडीतून आलेला. दुसऱ्या गावचा आणला तर त्याचा स्वभाव दुसरा, सगळं पुन्हा पहिल्यापासून. सरांनी स्वच्छ सांगितलं, दिवाळीपर्यंत तोच परत मिळाला तर ठीक, नाहीतर हा विषय बंद आणि बाईंनी बटाट्याकडे वळावं. मला बटाट्याकडे वळायचं नव्हतं. म्हणून भाद्रपदात मी पिशवी आणि बरणी उचलली.

वाशीम

अकोल्याहून पुढची छोटी गाडी कशी आणि किती वेळ चालते हे लिहून वाचकांचा छळ करत नाही. सांगण्यासारखं एवढंच, की मांडीवर बरणी घेऊन बसलेल्या बाईला या देशात एकच प्रश्न विचारला जातो.

"कायचं लोनचं हाय जी?" समोरच्या आजीबाईंनी विचारलं.

"लोणचं नाही. लाकडाचे ठोकळे आहेत."

"लाकडाचं लोनचं?" आजीबाई शेजारणीकडे वळल्या. "पाह्य बाप्पा, पुन्याकडे काय काय खातात."

मग डब्यातल्या सगळ्यांनी बरणी हातात घेऊन पाहिली. एकानं ठोकळे काढून बाकावर मांडले आणि त्यांतला एक घरंगळून त्याची कड उडाली. त्यानं तो मला मोठ्या प्रेमानं परत दिला. वर म्हणाला, "काई नाई झालं, जरासा टवका उडाला." दात ओठ खात मी "असू दे" म्हटलं. वाशीम स्टेशनबाहेर एस.टी.ची वाट बघताना मिरचीभजी खाल्ली. ती इतकी जहाल होती की ठोकळ्याचं दुःख तेवढ्यापुरतं विसरले.

रिसोड

रिसोडला उतरायची सोय हिराचंदभाऊंकडे होती. बी-बियाणं आणि शेतीची अवजारं विकणारे जैन व्यापारी, सरांच्या ओळखीचे. माणूस सोन्यासारखा. पण गाडी वाटेत बंद पडून मी पोचले तेव्हा सूर्य मावळलेला, आणि घरात पर्युषण चाललेलं. सूर्यास्तानंतर त्या घरात चूल पेटत नाही. भाऊंच्या पत्नी, काकू, स्वतः उपवासाच्या, बिचाऱ्या माझ्यापुढे हात जोडून उभ्या.

"ताई, आता काई करता येत नाही. उद्या सूर्य निघाला की पोटभर."

पुण्यात पाहुणा अवेळी आला तर यजमान मनातल्या मनात चरफडतो. इथे यजमान डोळ्यांत पाणी आणून उभा आणि पाहुणी मनात चरफडतेय. पिशवीतल्या फुटाण्यांवर रात्र काढायची तयारी केली, तर हिराचंदभाऊ समोर येऊन बसले.

"ताई, एक विचारू? तुमचा हा विषाणू जीव आहे की अजीव?"

"भाऊ, वाळवून कुपीत ठेवला तर मिठाच्या खड्यासारखा पडून राहतो. पानात गेला की वाढतो."

"म्हणजे जीव?"

"म्हणजे सांगता येत नाही."

"तसं कसं? तुमी त्याले मिठात टाकून तोडता म्हणता. मंग पाप लागते की नाही, तेवढं तरी सांगा."

रिकाम्या पोटी माणसानं असल्या प्रश्नाचं काय उत्तर द्यावं! मी म्हटलं, पुन्हा जोडतेही ना, फिटंफाट होत असेल. ते त्यांना अजिबात पटलं नाही. सकाळी भाकरी आणि मुगाचं घट्ट वरण मिळालं, तेही अमृतासारखं. पर्व असल्यामुळे पानात हिरवं काहीच नव्हतं. निघताना भाऊ म्हणाले, "केनवडले नामदेवकडे निरोप देऊन ठेवला आहे. म्हटलं, पुण्याच्या मोठ्या बाई तुझी वाडी पाहायला येऊन राह्यल्या, नीट बडदास्त ठेव." मी त्यांचे मनापासून आभार मानले. तोंडावर हात ठेवून रडायला हवं होतं.

केनवड

नामदेव बैलबंडी घेऊन एस.टी.च्या थांब्यावर उभा होता. तिशीचा, हसरा, माळी समाजातला. बाप गेल्यापासून वाडी तोच करतो, माल रिसोडच्या बाजारात जातो. वाडीच्या तोंडाशी त्याची आई गिरजाबाई कमरेवर हात देऊन उभी. मी चपला काढून आत पाऊल टाकणार, तोच तिनं मला थांबवलं.

"बाई, इचारते त राग मानू नका. तुमी बाजूले त नाई ना?"

क्षणभर मला कळलंच नाही. कळलं तेव्हा कानशिलं तापली. इतकी वर्षं शिकून, प्रयोगशाळेत पुरुषांच्या बरोबरीनं उभं राहून, आज एका काकडीच्या वेलापुढे मला पाळी नसल्याचा हा दाखला द्यायचा होता. मी "नाही" म्हटलं, आणि म्हटल्याचा जास्त राग आला.

आत गेले आणि पाहतच राहिले. काय वेल होते! एकेक पान तळहातापेक्षा मोठं, गर्द हिरवं, कुठे डाग नाही.

"पाहा जी," नामदेव छाती फुगवून म्हणाला. "एक पान खराब दिसलं त सांगा."

"नामदेवभाऊ, मला खराबच पान हवंय. चट्ट्यापट्ट्याचं."

"कोकडा?" तो हसला. "तुमी लय गंमत करता. आमच्या वाडीत कोकडा नाई."

"दोन वर्षांपूर्वी होता. इथूनच आमचे सर पानं घेऊन गेले होते."

त्यानं आईकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "होता जी. परवापर्यंत होता. हिराचंदभाऊचा निरोप आला, मंग आमी सारे कोकड्याचे वेल उपटले आन जाळले. राख बी खड्ड्यात बुजोली. पाहुनीले कोनी रोगट वाडी दाखोते का?"

मी बांधावर बसकण मारली. पुण्यात पाहुणा येणार म्हटलं तर फार तर खुर्चीवरचे वाळलेले कपडे उचलून आत टाकतात. या भल्या माणसांनी माझा अख्खा विषय उपटून जाळला होता, तोही माझ्याच सन्मानार्थ!

"अहो, मी त्या रोगासाठीच आले होते!" मी जवळजवळ किंचाळले.

"मंग आदी सांगाचं ना बाप्पा," नामदेव म्हणाला. त्याचंही बरोबरच होतं, आणि त्यानं आणखीच डोकं फिरलं.

मग आम्ही आजूबाजूच्या वाड्या पालथ्या घातल्या. प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर. "कोकडा? आमच्या इथे कदीच नाई. त्याच्या तथी असल." ज्याच्याकडे बोट दाखवलं त्याच्याकडे जावं, तर तो तिसऱ्याकडे बोट दाखवी. आणि प्रत्येकाच्या वेलांच्या ओळीत मधूनमधून काळ्या मातीचे ताजे उकरलेले खड्डे! नामदेवकडे सफाई झाली म्हणून सगळ्यांनी केली होती. मी खड्ड्याकडे बोट करून विचारलं तर एक जण म्हणाला, "उंदीर."

परतताना मी नामदेववर तोंडसुख घेतलं. इतकं खोटं कशासाठी? वेलाला रोग होतो, माणसाला होतो, त्यात लाज कसली?

त्यानं बैलांना चुचकारलं. मग म्हणाला, "बाई, कोकडा आला म्हंजे घरातल्या बाईनं बाजूले असताना वेल वलांडला, असं म्हनतात इकडे. कोन कबूल करन? आमच्या घरी तेच चालू हाय. वच्छला, माही बायको, दोन सालाआंदी घरात आली आन तवाच वाडीत कोकडा आला. आईनं ठरोलं, दसऱ्याआंदी तिले माहेरी नेऊन घालाचं. वाडी सुधरली त आनू."

"आणि नाही सुधारली तर?"

त्यानं बैलांचा कासरा ओढला.

"तुम्ही आईला काही म्हणत नाही?"

"काय म्हनू? मले तरी काय ठाव कोकडा काहून येते ते."

घरी आलो तेव्हा ती दिसली. अंगणाच्या पार टोकाला पोत्यावर बसलेली, वीस-बावीसची, काळीसावळी. त्या दिवसांत ती बाजूलाच होती. गिरजाबाईनं तिची भाकर दुरूनच तिच्यापुढे सरकवली. मला मात्र पाटावर बसवून बेसन, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि दाण्याचा कूट घातलेली काकडीची कोशिंबीर वाढली. रागानं जेवायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण कोशिंबिरीनं घात केला. दोनदा मागून घेतली.

जेवण झाल्यावर मी बरणी काढली. विषाणू म्हणजे काय हे यांना दाखवल्याशिवाय या गावातून हलायचं नाही, असं मी मनाशी घेतलं होतं. शेजारपाजारचे जमले. मी सांगितलं की हा रोग बाईच्या सावलीनं येत नाही. मावा हा बारीक किडा एका वेलावरून दुसऱ्या वेलावर बसतो, तो नेतो. आणि रोगाचा कण कुणी करत नाही, त्याचे तुकडे आपले आपण जुळतात, हे असे. असं म्हणून बरणी हलवली. अर्थातच चिवडा झाला.

"तसं नाई होत बाई," नामदेव मदतीला धावला आणि बरणीत हात घालून दोन ठोकळे बसवूनही मोकळा झाला.

"हात लावू नका!"

"जोडून देतो ना! तुमी बसा आरामानं."

"मला जोडून नकोय! आपोआप जुळायला हवंय!"

"कायले? आमी हावो ना अथी," एक शेजारी म्हणाला, आणि चार हात बरणीत. लोकांच्या चांगुलपणाचा इतका ताप मला आयुष्यात कधी झाला नव्हता. मी ठोकळे हिसकावून परत सुटे केले.

गिरजाबाई हे सगळं थंडपणे पाहत होती. ती म्हणाली, "हात लागल्याबिगर काई जुडत नाई बाई, आन काई बिघडत बी नाई. आमच्या वाडीले कोनाचा हात लागला ते मले ठाव हाय." आणि तिनं अंगणाच्या टोकाकडे पाहिलं.

माझं डोकं सणकलं. मी उठले, तरातरा गेले आणि बरणी वच्छलाच्या हातात कोंबली. "हलव ग. बघू दे सगळ्यांना, तुझ्या हातानं काय बिघडतं ते."

मागे बायकांचा "अगं बाई!" असा उद्गार ऐकू आला, आणि तेव्हा मला कळलं मी काय करून बसले. ज्या बरणीवर माझा स्वतःचा विश्वास नव्हता, तिच्यावर मी या पोरीचा संसार पणाला लावला होता. गाडीत टवका उडालेला तो ठोकळाही तिच्यातच होता. परत घ्यावी तरी पंचाईत, कारण सगळे टक लावून बघत होते. वच्छलानं बरणी छातीशी धरली आणि हलवली. बराच वेळ, नीट हलवली. थांबली तेव्हा आत दोन अर्धवट वाट्या एकमेकींत रुतून बसलेल्या आणि तीन ठोकळे तळाशी सुटे.

"पाह्यलं?" गिरजाबाई म्हणाली.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. सगळी अक्कल पुण्यात ठेवून मी इथे आले होते, दुसरं काय!

मग वच्छला बोलली. आवाज बारीक होता, पण ऐकू सगळ्यांना आला. "मंग आता तुमी हालवा, आत्याबाई."

"मी?"

"हो. तुमच्या हातानं जुडन ना."

चार बायांसमोर नाही कसं म्हणणार! गिरजाबाईनं बरणीवर पाणी शिंपडलं, पदर खोचला आणि अशी हलवली की ताक घुसळावं. चिवडा. कुणीतरी फिसकन हसलं. तिनं पुन्हा हलवली. पहिल्यापेक्षा वाईट. नामदेवनं घेतली, त्याचंही तेच. मग शेजारच्या लठ्ठशा बाईनं सहज चार हिसके दिले आणि खडखडाट थांबला. आत अख्खा चेंडू, टवक्यासकट! लोक ओरडले. ती फुशारली, सुटे करून पुन्हा हलवायला गेली, आणि झाला चिवडा. मग काय, अख्खं अंगण रांगेत. कुणाचा होई, कुणाचा होत नसे, आणि ज्याचा झाला त्याचा पुन्हा होईलच असंही नाही. सासूचा हात, सुनेचा हात, लेकुरवाळीचा, विधवेचा, बरणीला काही म्हणजे काही फरक नव्हता.

शेवटी गिरजाबाई चिडून म्हणाली, "या बाईच्या ठोकळ्यायतच खोट हाय!"

प्रयोगशाळेत हे वाक्य कुणी उच्चारलं असतं तर मी त्याच्याशी आठवडाभर बोलले नसते. इथे मी म्हटलं, "हो मावशी. खोट ठोकळ्यांतच आहे. हलवणाऱ्या हातात नाही."

"आन वेलातली?" टोकाच्या पोत्यावरून वच्छलानं विचारलं.

गिरजाबाई उठली आणि गुरांना चारा टाकायला निघून गेली. लोकही पांगले. मला वाटलं, झालं, एवढं रामायण होऊन पालथ्या घड्यावर पाणी.

सकाळी मी रिकाम्या हातांनी निघायची तयारी करत होते. मनात बटाट्याशी जुळवून घेणंही सुरू झालं होतं. तेवढ्यात गिरजाबाई समोर येऊन उभी राहिली. रात्री झोपली नसावी.

"चला माह्यासंगं."

गोठ्याच्या मागे कुडावर एक जुनं लुगडं वाळत घातल्यासारखं टाकलेलं होतं. तिनं ते ओढून काढलं. खाली काकडीचा एकच वेल, घरच्यापुरता. त्याचं पान न् पान पिवळ्या-हिरव्या चट्ट्यांचं, आकसलेलं. इतका सुंदर कोकडा मी जन्मात पाहिला नव्हता!

"हा माह्या हातचा," ती म्हणाली. "इकडे पोरीचं पाऊल कदी पडलं नाई. म्याच पडू देल्लं नाई. परवा सारे जाळले, हा जाळाले हात धजला नाई."

"याला कोकडा कधी लागला?"

ती वेलाकडे पाहत राहिली. "वाडीच्या आंदी."

खरं सांगते, त्या म्हातारीला गदागदा हलवावंसं वाटलं. वाडीच्या आधी! म्हणजे हिला दोन वर्षं ठाऊक होतं, आणि तरीही पोरीला माहेरी धाडायला निघाली होती. मी तोंड उघडलं, पण तिच्याकडे पाहिलं आणि मिटलं. ती एकेक पान जपून खुडून ओच्यात घेत होती. (पानं पुण्याला नीट पोचली. रस काचघरातल्या नव्या रोपांवर चोळला, चट्टे उमटले, मिठात कवच सुटलं आणि पुन्हा जुळलं, अगदी पूर्वीसारखं. विषाणू तोच निघाला. सर खूश झाले, बटाटा टळला. हे इथेच सांगून टाकते.)

"वाटेत सुकतील," मी म्हटलं. "ओल्या फडक्यात बांधायला हवीत."

गिरजाबाई थांबली. मग मान वळवून तिनं हाक मारली, "वच्छे! वलं फडकं आन."

वच्छला आली आणि गोठ्याच्या कोपऱ्याशीच उभी राहिली. वेलाकडे नजर गेली तशी पांढरी पडली. मागे नामदेव येऊन उभा. तिनं फडकं पिळलं आणि हात लांब केला.

"फेकू का, आत्याबाई?"

"फेकतेस कायले? आत ये. पानं बांध यायले."

वच्छला हलेना. तिनं सासूकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. मग नेसूचं लुगडं वर धरून तिनं वेलात पाऊल टाकलं.

"जपून हं," मी सवयीनं म्हटलं, "वेल पायाखाली येईल."

"येऊ द्या," गिरजाबाई म्हणाली.